डेल्फीची नाभिशिला

ग्रीसमधील पार्नासस पर्वताच्या उतारावर डेल्फी आहे. तेथील अपोलोच्या मंदिरात ‘ओम्फालोस’ नावाचा पवित्र दगड होता. ओम्फालोस म्हणजे बेंबी. देवांचा राजा झ्यूसने पृथ्वीच्या दोन टोकांवरून दोन गरुड सोडले, ते डेल्फीला भेटले आणि तीच जगाची नाभी ठरली, अशी कथा आहे.

डेल्फीत आणखी एक दगड पुजला जाई. आपलीच मुले गिळणाऱ्या क्रोनोसला त्याची पत्नी रियाने बाळ झ्यूसऐवजी बाळोत्यात गुंडाळलेला दगड दिला. पुढे क्रोनोसने तो ओकला आणि झ्यूसने तो येथे रोवला, असे ग्रीक कवी हेसिअड सांगतो. इ.स. दुसऱ्या शतकात पॉसेनियस या प्रवाशाने तो पाहिला. दगड फार मोठा नव्हता. त्यावर रोज तेल ओतत आणि सणाला न कातलेली लोकर ठेवत. देवाच्या गोष्टीतला दगड रोजच्या हातांनी असा जिवंत ठेवला होता. हे दोन्ही दगड वेगळे असले, तरी पुढे अनेकदा एकच मानले गेले.

ओम्फालोसचे स्थान गाभाऱ्यात होते. तेथेच पिथिया ही पुजारीण तिवईवर बसून अपोलोचा कौल देई. लिडियाचा राजा क्रीससने पर्शियावरील स्वारीपूर्वी कौल मागितला, तेव्हा एक मोठे साम्राज्य बुडेल, असे उत्तर आले. बुडाले ते त्याचेच.

डेल्फीच्या संग्रहालयातील संगमरवरी ओम्फालोसवर लोकरीच्या पट्ट्यांची जाळी कोरलेली आजही स्पष्ट दिसते.