वॉनाक्राय : बाधित फाइलींची पुनर्प्राप्ती

वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्रॅम १२ मे २०१७ रोजी विंडोजमधील एका त्रुटीवाटे सुमारे १५० देशांत पसरला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना त्याचा मोठा फटका बसला. ती त्रुटी दूर करणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिले होते. फाइली कूटबद्ध होऊन उघडेनाशा होत आणि पडद्यावर बिटकॉइनमध्ये ३०० डॉलर मागणारी लाल खिडकी येई.

प्रत्येक फाइलीची किल्ली २०४८ बिटच्या आरएसए किल्लीने बंद केलेली असे, त्यामुळे कूट फोडणे व्यवहारात अशक्यच. वाट सापडली ती दुसरीकडे. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्समधील मूळ फाइलींवर निरर्थक मजकूर लिहून हा प्रोग्रॅम त्या पुसे. सिस्टिम ड्राइव्हवरील इतर फाइली मात्र नुसत्या डिलीट करी. डिस्कवरील ती जागा नव्या मजकुराने व्यापेपर्यंत अशा फाइली रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळू शकत. म्हणूनच बाधित संगणकावर नवे काहीही साठवणे घातक ठरते.

आद्रियँ गिने या फ्रेंच संशोधकांनी आणखी एक मार्ग दाखवला. किल्ली बनवताना वापरलेल्या मूळ संख्या विंडोज एक्सपीच्या मेमरीत काही काळ उरत. बेंजामिन देल्पी यांचे ‘वानाकिवी’ हे साधन त्यांवरून किल्ली पुन्हा जुळवी आणि विंडोज ७ वरही चाले. मात्र लागणीनंतर संगणक रीस्टार्ट झाला, की त्या संख्या नाहीशा होत. विंडोजने ठेवलेल्या फाइलींच्या जुन्या (शॅडो) प्रती प्रोग्रॅम स्वतःच पुसत असल्याने संगणकापासून वेगळा ठेवलेला बॅकअपच खरा भरवशाचा ठरला.