जरा ‘आ’ करा

दिवाळीचा फराळ आटोपला, पाहुणे ऐसपैस टेकले, की आमच्या घरात अजूनही कोणीतरी उठून पानाचे तबक घेऊन येते. पान, चुना, कात, वेलदोडे आणि शेजारी अडकित्ता. मराठी माणसाच्या आयुष्यातला एकही मोठा प्रसंग सुपारीवाचून पार पडत नाही. लग्न ठरले म्हणजे सुपारी फुटली. पूजेला मूर्ती नसली तर सुपारीच गणपती होऊन बसते. पराक्रम करायचा तर विडा उचलायचा, आणि देवाचे जेवण झाले की त्याच्याही पुढे विडा ठेवायचा. अशा घरंदाज वस्तूबद्दल सणाच्या अंकात वाकडे लिहायचे म्हणजे यजमानाच्या घरी बसून त्याच्याच तबकाला नाव ठेवण्यासारखे आहे. पण मला सांगायची आहे ती विड्याची निंदा नव्हे. तोंडातल्या कर्करोगाची ओळख लोकांना पटावी म्हणून आपल्याकडे जी खटपट झाली, तिची ही हकीकत आहे. ह्या इतिहासात तलवारी नाहीत. आहेत ते आरसे, विजेऱ्या आणि ‘जरा आ करा’ असे म्हणणारी माणसे.

पान आपले जुने. तंबाखू ही मागाहून आलेली पाहुणी. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि आधी दख्खनेत रुळली. असदबेग नावाचा अकबराचा सरदार सतराव्या शतकाच्या आरंभी विजापुरास गेला होता. तिथून परतताना त्याने नजराण्यात तंबाखू आणि सुबक हुक्का नेला. बादशहाने झुरके घेऊन पाहिले, हकिमाने हरकत घेतली, आणि अमीरउमरावांनी मात्र लगोलग मागणी सुरू केली. पुढे जहांगिराने १६१७ साली बंदीचा हुकूम काढला. वैद्याची हरकत, शौकिनांची मागणी आणि सरकारची बंदी! तंबाखूच्या पुढच्या चारशे वर्षांची सगळी पात्रे त्या दोन दरबारांत हजर झालेली दिसतात.

विड्यात शिरलेली ही पाहुणी गालाशी काय करते, हे लेखी मांडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. त्रावणकोरच्या दक्षिणेला नेय्यूर येथील मिशनच्या इस्पितळात ऑर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९३३ साली पान खाणाऱ्यांच्या तोंडातल्या कर्करोगावर लेख लिहिला. पण एका गावाच्या इस्पितळातली नोंद, ती कितीजणांच्या कानी जाणार?

खरा पाया घातला गेला तो मुंबईत. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई ह्या १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. दुसऱ्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या मागे त्यांच्या विश्वस्तनिधीतून परळला कर्करोगाचे स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते उघडले तेव्हा तिथे ८० खाटा होत्या. बाहेर महायुद्ध पेटलेले होते. त्या धामधुमीत तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर सूक्ष्मदर्शकावर वाकून बसत. १९४४ साली त्यांनी एका अमेरिकन नियतकालिकात मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या लागोपाठ एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. मला ह्या ‘लागोपाठ’ शब्दाचे फार महत्त्व वाटते. निवडून घेतलेले नाहीत, सोयीचे नाहीत, दारात आले त्या क्रमाने एक हजार!

आणि ह्या कामाला मुंबईसारखे दुसरे शहर नव्हते. एकाच रस्त्यावर दक्षिणी, गुजराती, पारशी, ख्रिस्ती, मुसलमान राहतात. पाणी तेच, हवा तीच. निराळी असते ती तोंडाची सवय. कोणी पानाचा तोबरा गालात धरतो, कोणी विडी ओढतो, कोणी दोन्हींच्या वाटेला जात नाही. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर ह्यांनी ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात ह्या सवयींचा हिशेब मांडला. चघळणाऱ्याचा रोग बहुतेक तोंडाच्या पोकळीत होतो, विडीवाल्याचा अधिक आत, घशाकडे. म्हणजे चोर कोणत्या खिडकीने शिरतो हेसुद्धा तेव्हा कळून चुकले होते. त्या वर्षी जन्मलेले मूल आज सत्तरी गाठून बसले आहे. त्याला ही गोष्ट कोणी, कधी आणि कोणत्या भाषेत सांगितली, हा माझ्या मनातला प्रश्न आहे.

कारण कळणे आणि कळवणे ह्यांत फार अंतर असते. आम्ही मास्तर लोक ते रोज अनुभवतो.

कळवण्याची पहिली मोठी धडपड मला दिसते ती दंतवैद्यांच्या हातून झालेली. डॉ. फली मेहता ह्यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या पोलिसांची तोंडे तपासायला घेतली. साडेचार हजारांहून अधिक शिपाई! ज्यांच्यापुढे भल्याभल्यांची बोबडी वळायची, ते हवालदार रांगेने उभे राहून ‘आ’ करताहेत, हे चित्र डोळ्यांसमोर आणून पाहा. पोलीसच का निवडले, ते उघड आहे. ते एका खात्यात टिकतात, त्यांचा पत्ता हरवत नाही, म्हणून त्यांना वर्षांनंतर पुन्हा गाठता येते. त्यांना खरोखरच दहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. गालाच्या आतला पांढरा चट्टा, जो दुखत नाही, खुपत नाही, आणि म्हणूनच माणूस ज्याच्याकडे पाहत नाही, तो तंबाखूच्या सवयीशी कसा बांधलेला आहे हे त्यातून दिसले.

मग हीच मंडळी खेड्यांत उतरली. टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हटली की आपल्याला अणू आठवतो. पण तिथेच दंतसंशोधनाचा एक लहानसा विभाग होता. डॉ. मेहता, संख्याशास्त्रज्ञ प्रकाश गुप्ता, डेन्मार्कचे प्राध्यापक पिंडबोर्ग आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांच्या तोंडांत डोकावून घेतलेली नोंद १९७२ साली प्रसिद्ध झाली. घरोघर, अंगणाअंगणांत जाऊन केलेली ही पाहणी. तिथे त्यांना आपली मिश्री भेटली. तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखू बोटाने दातांना लावायची. बाया तिला व्यसन मानीतच नाहीत. ‘मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते,’ हे वाक्य आपण सर्वांनी कुठल्या ना कुठल्या काकू-आत्याच्या तोंडून ऐकले आहे. दात घासायला म्हणून सकाळी लावलेले बोट दुपारी आणि रात्रीही हिरड्यांवर फिरते, आणि ते कोणाच्या हिशेबात धरले जात नाही.

ह्याच मंडळींनी पुढे जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. १९७७ पासून एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम ह्या तीन जिल्ह्यांत तंबाखूच्या छत्तीस हजार शौकिनांना त्यांनी हाताशी धरले. श्रीकाकुलमच्या बाया तर चिरुटाचे पेटलेले टोक तोंडात धरून ओढीत! ह्या लोकांना नुसता कागद वाटला नाही. घरी जाऊन एकेकाशी बोलणे, बोलपट, भित्तिचित्रे, लोकनाट्ये, वर्तमानपत्रे, सगळी साधने वापरली आणि दरवर्षी तोंड तपासले. १९८६ साली निकाल छापून आला. समजावलेल्या लोकांत सवय सोडणारे अधिक निघाले आणि पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण उतरले. खेडवळ माणसाला सांगून उपयोग नाही, असे ओटीवर बसून म्हणणाऱ्यांनी हा निकाल वाचावा.

आमच्या विदर्भाला लोकशिक्षणाची ही रीत नवी नव्हती. तुकडोजी महाराज खंजिरीवर गावेच्या गावे जागी करीत. १९६८ साली त्यांचा देह कर्करोगानेच गेला, आणि आज नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचे नाव आहे. पुसदकडचे रोगी तिथे जातात, तसे परळलाही जातात. परळला गेलेल्यांपैकी कितीएक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. दोन्ही संत आमच्या वऱ्हाडचे. कीर्तन ऐकायला जी माणसे जमायची, त्यांची नातवंडे आज त्यांच्या नावाच्या वास्तूंत मुक्कामाला येतात.

मधल्या काळात एक नवीच पीडा उपजली. १९७०च्या दशकात डबीतला पानमसाला आला, मग तो कागदी-प्लास्टिकच्या पुडीत शिरला आणि त्यातला तंबाखूचा भाऊ गुटखा पाचसहा वर्षांच्या पोराच्या हातीही मावू लागला. महाराष्ट्राने २००२ मध्ये बंदी घातली, २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तसा अधिकार राज्याला नसल्याचे ठरले, आणि २०१२ मध्ये अन्नसुरक्षेच्या नव्या कायद्याखाली ती पुन्हा आली. बंदी आजही आहे, पुडीही आहे. त्याविषयी अधिक काय लिहावे! जहांगिराचे स्मरण करावे आणि पुढे जावे.

पुड्यांवर चित्रे छापण्याचा नियम ३१ मे २००९ पासून लागू झाला. चघळण्याच्या तंबाखूवर आधी विंचू छापला होता. हेतू असा की हे विष आहे हे निरक्षरालाही कळावे. पण ज्या देशात घोडाछाप, सिंहछाप, उंटछाप असे सगळे माल खपतात तिथे विंचवाचे काय व्हायचे? आमच्या चौकात गिऱ्हाइके ‘विंचूवाली द्या’ म्हणून मागत. २०११च्या डिसेंबरात विंचू गेला आणि खऱ्या तोंडांची चित्रे आली. ती पाहवत नाहीत, आणि म्हणूनच ती योग्य आहेत.

मात्र आमच्या पुसदच्या खर्ऱ्यावर ना विंचू, ना चित्र. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. सुपारीची बारीक कतरण, तंबाखू आणि चुना पन्नीत घेऊन पानटपरीवाला ते घोटघोट घोटतो आणि त्याच पन्नीची पुरचुंडी करून हातात देतो. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर, सगळीकडे हाच प्रकार. कारखाना नाही, म्हणून वेष्टन नाही. वेष्टन नाही, म्हणून इशारा छापणार कुठे? बंदीच्या पुढच्या हुकुमांत खर्ऱ्याचेही नाव आले, शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नको असाही कायदा आहे. पण खर्रा हा आमच्याकडे आदरातिथ्याचा भाग आहे. पंक्तीत, मयतीला, शेताच्या बांधावर, ‘घ्या जी’ म्हणून पुरचुंडी पुढे येते, आणि नाही म्हणणारा शिष्ट ठरतो.

मोठ्यांनाही ह्या रोगाने सोडले नाही. शरद पवारांवर २००४ साली तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. ते त्याविषयी आणि आपल्या जुन्या सवयीविषयी जाहीरपणे बोलतात. आर. आर. आबा १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गेले, वयाच्या अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी. ज्यांनी गावोगाव झाडू हाती धरायला लावला त्या आबांची बातमी आली तेव्हा आमच्या चौकातल्या टपऱ्या दिवसभर उघड्याच होत्या. माणसे खर्रा चघळीत हळहळत होती. मी हे उपहासाने लिहीत नाही. हळहळ खरी होती.

गावात कोणाला हा रोग झाला तर त्याचे नाव घेत नाहीत. ‘तसलं दुखणं’ म्हणतात. नाव न घेतल्याने रोग लाजून परत जात नाही. दवाखान्यात जायला तेवढे महिने उशीर होतो. आणि हा तर शरीराच्या आत असून विजेरीने दिसणारा रोग! केरळात १९९६ पासून साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी हजारो घरी जाऊन फक्त उजेडात तोंडे पाहिली. तंबाखू-दारूची सवय असलेल्यांत ह्या रोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचे २००५ साली प्रसिद्ध झाले. यंत्र नाही, सुई नाही. डोळा आणि दिवा. २०१६ पासून तिशीपुढच्या माणसांची अशी तपासणी सरकारी योजनेत आहे. दोन आठवड्यांत न भरणारे तोंड, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट न सोसणे, जीभ अडखळणे, एवढे दिसले तरी उठून जावे.

आणखी एक खूण आहे, ती मी वर्गात शिकवतो. तोंड उघडून समोरच्या दातांमध्ये आपली तीन बोटे उभी घालायची. १९५३ साली मुंबईच्या डॉ. जोशींनी टाळू आणि घशाशी कातडे आवळत जाणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. त्यात गाल ताठ होतात आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते. पुढे त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो. त्याचे मूळ तंबाखूपेक्षा सुपारीत आहे. नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधन संस्थेने २००४ साली ठरवले.

पहिल्यांदा हा प्रयोग नववीच्या वर्गात केला तेव्हा पोरे खदखदून हसली. चाळीस तोंडांत चाळीस हात! मी बाकांमधून फिरत होतो. खिडकीकडच्या एका मुलाने दोन बोटे घातली होती आणि तो तिसरे चेपून बसवत होता. ‘तिसरं नाई जात, सर,’ तो हळूच म्हणाला. तंबाखू त्याने कधी खाल्ली नव्हती. पाचवीपासून गोड सुपारीच्या पुड्या मात्र रोज, दुकानदाराकडून सुट्या पैशांच्या बदली मिळालेल्या. त्याच्या आईला मी दुसऱ्या दिवशी शाळेत बोलावले, तेव्हा ती म्हणाली, भाजी त्याला तिखट लागते म्हणून ती वर्षभर लाडच समजत होती.

दंतवैद्यांनी सांगितले, आवळलेले पूर्वीसारखे होत नाही, पण सुपारी सुटली तर पुढचे टळू शकते. तो आता अकरावीत आहे. दर दोन महिन्यांनी घरी येतो आणि दिव्याखाली उभा राहून तोंड उघडतो. मी पट्टीने मोजतो आणि आकडा वहीत लिहितो. परवा वसुबारसेला आला होता. गेल्या चार नोंदींत आकडा बदललेला नाही.