मेणा, झोळी आणि गर्भिणीचा प्रवास

३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां त्यांच्या पत्नी गंगाबाई गर्भवती होत्या. पुण्यांत त्यांच्या जिवास धोका होता. म्हणून १७७४ च्या आरंभीं बारभाईंनीं त्यांस पुरंदर किल्ल्यावर हलविलें. पेशवाईचें भवितव्य त्या प्रवासाच्या सुखरूपतेवर अवलंबून होतें.

त्या काळच्या बैलगाडीस कमानी नव्हत्या. वाटेंतल्या प्रत्येक दगडाचा हिसका आंत बसे. म्हणून थोरामोठ्यांच्या स्त्रियांचें वाहन मेणा, म्हणजे बंदिस्त पालखी. तिची दांडी भोयांच्या खांद्यांवर असे. हिसके त्यांचे गुडघे व खांदे सोसत, आंतल्या स्त्रीस ते फारसे जाणवत नसत.

१८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला.

सामान्य स्त्रीस मेणा कोठला? तिच्या वांट्यास बांबूस बांधलेली झोळी येई. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धांवते; परंतु जेथें रस्ताच पोंचलेला नाहीं, अशा डोंगरी पाड्यांतून गर्भिणीस आजही झोळींतूनच खालीं आणावें लागतें. गंगाबाईंसाठीं कारभाऱ्यांनीं जी काळजी वाहिली, ती या माउलीसाठींही वाहिली पाहिजे.