दाढेत राहिलेला तुकडा

तत्त्वज्ञानाचा माणूस दाढेवर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण आजचा प्रश्न हत्याराचा आहे तितकाच खरं बोलण्याचाही आहे.

आपल्याकडे लोक 'नस काढली' म्हणतात, ती रूट कॅनालची प्रक्रिया. दाढेच्या मुळातली नळी साफ करायला फाइल नावाची बारीक दातेरी तार आत घालतात. पंधरा नंबरच्या फाइलचं टोक ०.१५ मिलिमीटरचं. मुळं मात्र सरळ नसतात. वाकड्या नळीत ही तार फिरते आणि कधीकधी तिचा तुकडा आतच राहतो.

हत्याराच्या दोषाचा विचार आपल्याला नवा नाही. सुश्रुताने सूत्रस्थानात शस्त्रांचे आठ दोष सांगितलेत. वाकडं, बोथट, फार लांब, फार आखूड अशा त्या यादीत 'खंड', म्हणजे तुटकं, हाही एक दोष आहे. दातासाठी दंतशंकू हे शस्त्रही तो नोंदवतो. पण सुश्रुताचा दोष हातात घेण्याआधी डोळ्यांना दिसतो. आपली अडचण वेगळी आहे. चांगली दिसणारी फाइल आत गेल्यावर तुटते.

रूट कॅनालच्या हत्याराची आधुनिक गोष्ट साधारण १८३८ पासून सांगतात. अमेरिकेत एडविन मेनार्ड या दंतवैद्याने घड्याळाच्या स्प्रिंगला खाचा पाडून पहिलं हत्यार केलं. पुढे कितीतरी वर्षं कार्बन स्टीलच चाललं. ते गंजायचं आणि तुटायचं. एक्स-रेचा शोध १८९५ चा. त्याआधी आत तुकडा राहिला, हे फक्त डॉक्टरच्या बोटांना कळायचं. रोग्याला कळायला काही मार्गच नव्हता. एक्स-रे आला आणि डॉक्टरचं गुपित फिल्मवर उमटायला लागलं. मला या सगळ्या इतिहासात हीच घटना सर्वांत मोठी वाटते.

मग स्टेनलेस स्टील आलं. आणि १९८८ मध्ये वालिया आणि सहकाऱ्यांनी निकेल-टायटॅनियमच्या तारेपासून फाइल करून पाहिली. हा मिश्रधातू मुळात अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेतला. लवचीक इतका, की वाकड्या मुळात सहज वळतो. मोटरला लावून फिरवता येतो, काम झटपट होतं. पण एक खोड आहे. स्टीलची फाइल तुटण्याआधी बहुतेक वेळा पीळ उलगडून किंवा वाकून इशारा देते. ही पुष्कळदा इशारा न देताच तुटते.

का तुटते, ते आपल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कुंपणाची तार पक्कड नसली की काय करतो? एकाच जागी मागं-पुढं वाकवत राहतो, तुटते. वळणात फिरणारी फाइल प्रत्येक फेऱ्याला तशीच वाकते. दुसरा प्रकार पिळाचा : टोक अडकतं, दांडा फिरत राहतो. म्हणून फाइल किती वेळा वापरली याचा हिशोब ठेवायचा असतो. आता खान्देशात सुपारी-तंबाखूने ज्यांचं तोंडच पुरतं उघडत नाही, त्यांच्या मागच्या दाढेत फाइल सरळ घालणंही कठीण. आधीच वाकडी घातली की ताण वाढलाच.

एकेकाळी इथल्या माणसाला दातासाठी रेल्वेने मुंबई गाठावी लागे. नायरचं दंत महाविद्यालय १९३३ चं. आज धुळ्यातच दंत महाविद्यालय आहे, जळगावात तर गल्लोगल्ली दवाखाने. सोय झाली, त्याबरोबर हा प्रश्नही दारात आला.

तुकडा राहिला म्हणजे दाढ गेली का? नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २००५ मध्ये तुलना छापली : तुकडा राहिलेल्या दाढा ९१.८ टक्के बऱ्या झाल्या, न राहिलेल्या ९४.५ टक्के. मुळाशी आधीच जंतुसंसर्गाने हाड झिजलं असेल तर मात्र फरक वाढतो. म्हणजे धोका धातूचा कमी, त्याच्या पलीकडे साफ न झालेल्या नळीचा जास्त. तुकडा काढायच्या हट्टापायी मूळ पोखरलं जातं, तेव्हा कधीकधी तिथेच ठेवून पुढची नळी भरणं शहाणपणाचं.

तेव्हा तुटणं हा दरवेळी गुन्हा नव्हे. न सांगणं मात्र वेगळी गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये समीरा कोहली खटल्यात म्हटलं की उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि ठळक धोके सांगूनच संमती घ्यावी. फार दूरचे धोके सगळे मोजून दाखवायची गरज नाही. फाइल तुटणं दूरचं की जवळचं? माझ्या मते वाकड्या मुळाच्या दाढेत ते जवळचंच. काही डॉक्टर म्हणतात, 'सांगितलं तर पेशंट घाबरतो, भांडतो.' घाबरतो, खरं आहे. पण तुकडा त्याच्या जबड्यात आहे, डॉक्टरच्या नाही. माहिती कोणाची, हे त्यावरूनच ठरतं.

आणि व्यवहाराचंही बघा. धुळ्याचा माणूस उद्या कामाला सुरतेला जाईल, दोन वर्षांनी तिथे दाढ ठणकेल. तिथला डॉक्टर एक्स-रेत पांढरी रेघ बघून विचारेल, 'हे काय?' हातात एक चिठ्ठी असेल, कोणत्या मुळात, किती लांबीचा, कधी राहिला एवढं लिहिलेली, तर तो पुढचं काम तिथून धरेल. नसेल तर पहिल्यापासून सगळं उकरायला बसेल.