काश्मीर प्रिन्सेस : एका प्रवासी विमानाचा घातपात आणि अडलेला न्याय

११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे प्रवासी विमान हाँगकाँगहून जकार्ताकडे जात असताना, दक्षिण चीन समुद्रावरील नातुना बेटांच्या परिसरात, त्यात दडवून ठेवलेल्या कालबॉम्बचा स्फोट झाला आणि पेटलेले विमान समुद्रात कोसळले. विमानात ११ प्रवासी व ८ कर्मचारी होते; या १९ जणांपैकी १६ जण मृत्यू पावले आणि तिघे कर्मचारी वाचले. शीतयुद्धाच्या, म्हणजे अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्या गटांमधील अघोषित संघर्षाच्या इतिहासात या घटनेची नोंद आहे. परंतु त्या नोंदीत सर्वाधिक जागा मिळते ती विमानात नसलेल्या एका व्यक्तीला, चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांना. घातपात त्यांच्यासाठी रचला गेला आणि मरण आले ते दुय्यम अधिकाऱ्यांना, पत्रकारांना आणि मुंबईहून निघालेल्या विमान-कर्मचाऱ्यांना. या प्रकरणाचा इतिहास लिहिताना भर याच माणसांवर असायला हवा, कारण राजकारणाच्या हिशेबात त्यांचे मरण अनुषंगिक ठरले आणि न्यायाच्या हिशेबात ते आजवर मोजलेच गेलेले नाही.

एअर इंडिया इंटरनॅशनलची स्थापना ८ मार्च १९४८ रोजी झाली आणि त्याच वर्षीच्या ८ जूनला ‘मलबार प्रिन्सेस’ या विमानाने मुंबई-लंडन मार्गावर पहिले उड्डाण केले. लॉकहीड कंपनीच्या कॉन्स्टेलेशन जातीची ही विमाने भारतीय नावांपुढे ‘प्रिन्सेस’ लावून ओळखली जात, आणि त्याच प्रथेनुसार १९५५ च्या विमानाला काश्मीरचे नाव मिळाले होते. ‘मलबार प्रिन्सेस’ ३ नोव्हेंबर १९५० रोजी आल्प्समधील माँ ब्लाँ या शिखरावर आदळून ४८ जण ठार झाले, तो निसर्गाचा आणि मानवी मर्यादेचा आघात होता; ‘काश्मीर प्रिन्सेस’वर मात्र हेतुपुरस्सर घाला घातला गेला. मधल्या काळात, १९५३ च्या कायद्याने, हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन टाटांची ही कंपनी सरकारी महामंडळ बनली होती. त्या वेळच्या मुंबई राज्यातील पश्चिम खानदेश जिल्ह्यात, साक्री किंवा नवापूरसारख्या ठिकाणी, विमानाने प्रवास केलेला माणूस शोधूनही विरळाच सापडला असता. तरीही राष्ट्रीयीकरणानंतर हे विमान साक्रीच्या बाजारात धान्य विकणाऱ्या शेतकऱ्याचेही होते, आणि त्याच्यावरचा घाला हा एका खासगी कंपनीचे नुकसान म्हणून बाजूला सारता येण्यासारखा राहिलेला नव्हता.

ही फेरी नेहमीच्या वेळापत्रकातली नव्हती. इंडोनेशियातील बांडुंग येथे १८ ते २४ एप्रिल १९५५ या काळात आशिया व आफ्रिका खंडांतील २९ देशांची परिषद भरणार होती, आणि तिला जाणाऱ्या चिनी शिष्टमंडळासाठी हे विमान भाड्याने ठरवलेले होते. १९४९ मध्ये साम्यवादी पक्षाने चीनची सत्ता घेतल्यावर च्यांग काय-शेक यांचे राष्ट्रवादी, म्हणजे कुओमिंतांग पक्षाचे सरकार तैवान बेटावर गेले होते, आणि १९५४-५५ च्या हिवाळ्यात तैवानच्या सामुद्रधुनीत दोन्ही बाजूंच्या तोफा प्रत्यक्ष डागल्या जात होत्या. अशा वेळी चौ एन-लाय यांना नव्याने स्वतंत्र झालेल्या राष्ट्रांच्या व्यासपीठावर मान मिळणे हे तैपेईतील त्या राष्ट्रवादी सरकारला असह्य होते. नागरी विमानावर हल्ला करण्याची कल्पनाही त्या समुद्रावर नवी नव्हती. २३ जुलै १९५४ रोजी हैनान बेटाजवळ चिनी लढाऊ विमानांनी कॅथे पॅसिफिकचे हाँगकाँगला येणारे प्रवासी विमान पाडले होते, त्यात १० जण मरण पावले होते आणि पेकिंगने, म्हणजे आजच्या बीजिंगमधील चिनी सरकारने, चूक मान्य करून ब्रिटनला भरपाई दिली होती. नऊ महिन्यांच्या आत त्याच आकाशात चिनी प्रवासी बळी पडावेत, यातून एवढेच दिसते की प्रवासी विमानाचे निःशस्त्रपण त्या काळी कोणत्याही बाजूला पुरेसे पवित्र वाटत नव्हते.

हाँगकाँगच्या काय टाक विमानतळावर मुंबईहून आलेले विमान थोडा वेळ थांबले, त्यात इंधन भरले गेले, प्रवासी चढले आणि दुपारी ते जकार्ताकडे निघाले. सुमारे पाच तासांनी, १८,००० फूट उंचीवर असताना, कर्मचाऱ्यांना स्फोटाचा आवाज ऐकू आला. बॉम्ब उजव्या पंखातील चाकघरात, म्हणजे उड्डाणानंतर चाके आत ओढून घेतली जातात त्या पोकळीत ठेवलेला होता. स्फोटाने लगतच्या तिसऱ्या क्रमांकाच्या इंधनटाकीला भोक पडले आणि आग पंखाच्या आतूनच पसरू लागली. कप्तान दा. का. जटार यांनी त्या बाजूचे तिसरे इंजिन बंद करून त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला समांतर वळवली. असे केल्याने बंद इंजिनाचा हवेला होणारा अडथळा घटतो आणि उरलेल्या तीन इंजिनांवर विमान सावरता येते. मदतीची हाक देणारे तीन संदेश नातुना बेटांजवळचे आपले स्थान सांगून बाहेर गेले आणि त्यानंतर रेडिओ बंद पडला.

पुढच्या काही मिनिटांत जे घडले ते वाचलेल्या तिघांच्या सांगण्यामुळे ज्ञात आहे, आणि त्याचे मोल घातपाताच्या कटाइतके तरी आहे. प्रवासी कक्षातील हवेचा दाब गेला होता, विजेची मंडले निकामी होत होती, चालकांच्या कक्षात धूर भरत होता, आणि अशा स्थितीत जटार व सहचालक मा. चिं. दीक्षित यांनी विमान समुद्रपृष्ठावर उतरवण्याचा निर्णय घेऊन ते खाली आणले. हवाईसुंदरी ग्लोरिया बेरी आणि इतर कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना तरंगती जाकिटे वाटली, पाण्यावर आदळताच बाहेर पडता यावे म्हणून आणीबाणीचे दरवाजे आधीच उघडले. उजवा पंख प्रथम पाण्याला लागला आणि विमानाचे तीन तुकडे झाले. या सर्व हालचालींत कर्मचाऱ्यांनी प्रवाशांना टाकून स्वतःच्या सुटकेचा विचार केल्याची कोठेही खूण नाही; जळते विमान काही मिनिटे ताब्यात ठेवले गेले म्हणूनच कोणी वाचण्याची शक्यता शिल्लक राहिली.

दीक्षित, मार्गदर्शक ज. चं. पाठक आणि देखभाल-अभियंता अनंत कर्णिक हे तिघे पाण्यातून पोहत, जखमी अवस्थेत, जवळच्या बेटाच्या किनाऱ्याला लागले. तेथील मच्छीमारांनी त्यांना आधार दिला आणि नंतर ‘डॅम्पियर’ या ब्रिटिश नौदलाच्या जहाजाने त्यांना उचलून घेतले. कर्णिक हे उड्डाणाच्या वेळी विमान चालवणाऱ्यांपैकी नव्हते; वाटेतल्या विमानतळांवर यंत्रांची तपासणी करणे हे त्यांचे काम होते, आणि पुढे या अपघाताचा वृत्तान्त पुस्तकरूपाने लिहिणारेही तेच ठरले. जटार व बेरी यांना मरणोत्तर, आणि वाचलेल्या तिघांना हयातीत, अशोकचक्र मालिकेतील शौर्यपदके देण्यात आली. हा सन्मान रणांगणाबाहेरील शौर्यासाठी असतो, आणि सैन्यात नसलेल्या नागरिकांना तो लाभण्याची ही पहिली वेळ मानली जाते. मुंबईच्या ज्या मध्यमवर्गीय मराठी वस्त्यांतून जटार, कर्णिक यांच्यासारखी आडनावे येतात, तेथे विमानसेवेतील नोकरी ही प्रतिष्ठेची आणि तांत्रिक कौशल्याची मानली जात होती. तिच्यात परकीय राजकारणाचे बळी होण्याची जोखीमही आहे, हे १९५५ पूर्वी कोणाच्या मनात आले नसावे.

अपघाताच्या चौकशीची सूत्रे इंडोनेशियाकडे गेली, कारण विमान त्याच्या बेटांजवळ पडले होते. समुद्रातून काढलेल्या अवशेषांत चाकघरात आतून बाहेर फाटलेला पत्रा आणि जळून वेडेवाकडे झालेल्या घड्याळी यंत्रणेचे तुकडे सापडले. मेअखेरीस जाहीर झालेल्या निष्कर्षानुसार अमेरिकी बनावटीच्या एमके-७ या डेटोनेटरचा, म्हणजे मुख्य स्फोटकाला चेतवणाऱ्या लहान स्फोटक नळीचा, वापर झाला होता आणि बॉम्ब हाँगकाँगमध्येच ठेवला गेला असण्याचा संभव सर्वाधिक होता. विमान भारताचे, प्रवासी बहुतेक चीनचे, गुन्ह्याची जागा ब्रिटिश वसाहत आणि अवशेष इंडोनेशियाच्या हद्दीत, अशी गुंतागुंत असल्याने जवाहरलाल नेहरूंनी गुप्तवार्ता विभागातील रामेश्वरनाथ काव यांना तपासावर पाठवले. पुढे १९६८ मध्ये ‘रॉ’ या परदेशी गुप्तवार्ता संस्थेची उभारणी करणारे काव ते हेच. त्यांना पेकिंगमध्ये चौ एन-लाय यांच्याशी आणि हाँगकाँगमध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांशी एकाच वेळी बोलावे लागले, आणि परस्परांवर विश्वास नसलेल्या दोन सरकारांच्या मध्ये उभे राहण्याचे काम स्वतंत्र भारताच्या वाट्याला आले.

हाँगकाँग पोलिसांनी विमानाची देखभाल ज्यांच्या हातून झाली त्या सर्वांना विचारणा केली आणि संशय हाँगकाँग एअरक्राफ्ट इंजिनिअरिंग कंपनीतील चाऊ त्से-मिंग या सफाई कामगारावर स्थिरावला. त्याने मित्रांपुढे आपल्या कृत्याची फुशारकी मारली होती, अचानक बराच पैसा खर्च केला होता, आणि कुओमिंतांगच्या हस्तकांनी त्याला ६ लाख हाँगकाँग डॉलर व आश्रय देऊ केल्याचे पोलिसांना कळले. पोलिसांनी १ लाख डॉलरचे बक्षीस जाहीर केले होते. परंतु चाऊ १८ मे १९५५ रोजीच सिव्हिल एअर ट्रान्सपोर्ट या कंपनीच्या विमानातून तैवानला पळाला होता. ही कंपनी अमेरिकेच्या केंद्रीय गुप्तवार्ता संस्थेच्या गुप्त मालकीची होती. अमेरिकेच्या थेट सहभागाचा आरोप पुढेही होत राहिला आणि १९६७ मध्ये मॉस्कोत आश्रय घेतलेल्या, पूर्वी दिल्लीच्या अमेरिकन दूतावासात नोकरीस असलेल्या जॉन डिस्को स्मिथ याने स्फोटकांची पेटी आपणच पोहोचवल्याचे म्हटले. पण सोव्हिएत प्रचाराच्या काळातील हा दावा एकट्याने काही सिद्ध करू शकत नाही. कुओमिंतांगचा हात मात्र अभिलेखांवर काम करणाऱ्या इतिहासकारांनी, विशेषतः स्टीव्ह त्सांग यांनी १९९४ मध्ये, भक्कमपणे मांडला आहे.

याहून अवघड प्रश्न पेकिंगच्या वर्तनाचा आहे. चौ एन-लाय यांची आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली होती आणि ते या विमानाने निघाले नाहीत. काही दिवसांनी ते कुनमिंगहून रंगूनमार्गे गेले आणि तेथे नेहरू व ब्रह्मदेशाचे पंतप्रधान ऊ नू यांना भेटले. परंतु १० एप्रिल रोजीच चिनी परराष्ट्र खात्याने पेकिंगमधील ब्रिटिश प्रतिनिधीला कळवले होते की कुओमिंतांगचे हस्तक या विमानाला उपद्रव देण्याच्या बेतात आहेत. इशारा मोघम होता, आणि ब्रिटिशांनी तो प्रवाशांच्या व सामानाच्या सुरक्षेपुरता समजून घेतला. चाकघरात हात घालू शकणारा सफाई कामगार त्यांच्या नजरेत आला नाही. शस्त्रक्रिया ही खरी अडचण होती की निमित्त, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तथापि कटाची कुणकुण असूनही दुय्यम अधिकारी व पत्रकार त्याच विमानात बसवले गेले आणि विमानाच्या कप्तानाला धोक्याची पूर्ण कल्पना देण्याची जबाबदारी कोणीच घेतली नाही, हे दोन्ही सरकारांच्या विरुद्ध जाणारे वास्तव आहे, आणि तैवानचा अपराध मोठा आहे म्हणून ते लहान होत नाही.

मृत प्रवाशांत शिन्हुआ या चिनी वृत्तसंस्थेचे तीन पत्रकार होते. त्यांपैकी हाँगकाँग शाखेचे प्रमुख ह्वांग त्सो-मेई यांनी दुसऱ्या महायुद्धात जपानच्या ताब्यातील हाँगकाँगमधून मित्रराष्ट्रांच्या माणसांना सोडवण्याच्या कामी हातभार लावला होता आणि त्याबद्दल ब्रिटनने त्यांना एमबीई हा किताब दिला होता. ज्या वसाहतीसाठी त्यांनी जीव धोक्यात घातला, तिच्याच विमानतळावर त्यांच्या मरणाची तयारी झाली. उरलेल्या प्रवाशांत उत्तर व्हिएतनामचा एक अधिकारी, एक पोलिश आणि एक ऑस्ट्रियन पत्रकार होते. पेकिंगच्या बाबाओशान स्मशानभूमीत या प्रवाशांचे स्मारक उभे आहे.

राजकीय पातळीवर हा कट पूर्णपणे फसला, असे म्हणावे लागते. चौ एन-लाय बांडुंगला पोहोचले, सहानुभूती त्यांच्या बाजूने होती, आणि २३ एप्रिलला त्यांनी अमेरिकेशी वाटाघाटी करण्याची तयारी जाहीर केली. तिच्यातून त्याच वर्षी १ ऑगस्टपासून जिनिव्हात दोन्ही देशांच्या राजदूतांची बोलणी सुरू झाली. जे मरण सामुद्रधुनीतले युद्ध भडकवू शकले असते, त्याच्यानंतर तणाव निवळला, आणि त्याचे काही श्रेय भारताच्या संयमी मध्यस्थीला द्यावे लागेल.

न्यायाच्या बाबतीत मात्र काहीच साधले नाही. ब्रिटनने जानेवारी १९५० मध्ये पेकिंगच्या सरकारला मान्यता दिलेली असल्याने तैपेईशी त्याचे राजनैतिक संबंध नव्हते, आणि प्रत्यर्पण, म्हणजे एका देशाने पळून आलेल्या आरोपीला दुसऱ्या देशाच्या न्यायालयाच्या स्वाधीन करणे, हे अशा संबंधांवरच अवलंबून असते. विमानांच्या घातपाताबद्दल कोणताही आंतरराष्ट्रीय करार तेव्हा नव्हता. आरोपीला एकतर स्वाधीन करावे किंवा स्वतः त्याच्यावर खटला भरावा, हे बंधन घालणारा माँट्रियल करार १९७१ मध्ये झाला, म्हणजे ‘काश्मीर प्रिन्सेस’नंतर सोळा वर्षांनी.

कराराने सर्व काही साधते असेही नाही. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली व मुंबईकडे येणारे एअर इंडियाचे ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रावर बॉम्बस्फोटाने फुटले आणि ३२९ जण मरण पावले. वीस वर्षांनी, २००५ मध्ये, कॅनडाच्या न्यायालयाने दोन प्रमुख आरोपींना निर्दोष सोडले आणि शिक्षा झाली ती एकट्या इंदरजितसिंग रेयातला. तरीही तेथे न्यायमूर्ती जॉन मेजर यांच्या आयोगाने २०१० मध्ये सरकारी यंत्रणेचे दोष नावानिशी नोंदवले आणि कॅनडाच्या पंतप्रधानांनी कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागितली. १९५५ च्या सोळा मृतांच्या वाट्याला एवढेही आले नाही. चाऊ त्से-मिंगच्या नावाचे अटक वॉरंट हाँगकाँगमध्ये निघाले, तैपेईने त्याला परत पाठवण्यास नकार दिला, तो आपला हस्तक होता हेही नाकारले, आणि कोणत्याही देशाच्या न्यायालयात या प्रकरणी कोणावरही खटला उभा राहिला नाही.