गिरणीचा मंदावा आणि घरभाडे: लालबाग, नेपानगर व बुऱ्हाणपूर

कारखान्याचे काम मंदावले की आसपासची घरभाडी उतरतात, हा समज ढोबळमानाने खरा असला, तरी भाडे केव्हा उतरेल, किती उतरेल आणि मुळात उतरेल की नाही, हे घराचा मालक कोण यावर पुष्कळ अंशी अवलंबून असते. या प्रश्नाच्या अभ्यासाला मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्हा विशेष सोयीचा आहे, कारण मालकीचे तीन निरनिराळे प्रकार येथे एकमेकांच्या शेजारी नांदले: लालबागेत ताप्ती मिलच्या आधाराने खाजगी घरमालकांच्या भाड्याच्या खोल्या, नेपानगरात कागद कारखान्याने स्वतःच बांधलेली वसाहत आणि तटाच्या आतल्या जुन्या शहरात विणकरांची घरे, ज्यांत राहणे आणि माग चालवणे एकाच छपराखाली होते.

वस्ती एका मोठ्या मागणीवर पोसली जाते आणि मागणी सरकली की ओसरते, याचा अनुभव या शहराला गिरण्यांच्या कितीतरी आधीचा आहे. 1601 मध्ये असीरगड अकबराच्या हाती आल्यावर बुऱ्हाणपूर मोगलांच्या खानदेश सुभ्याचे ठाणे झाले, आणि छावणी, अंमलदार व कारखाने यांच्यासाठी वाढलेल्या वस्तीला पाणी पुरावे म्हणून 1615 च्या सुमारास, मोगल सरदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, सातपुड्याच्या उतारावर झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांनी शहरापर्यंत आणणारी कुंडी भंडाऱ्याची योजना उभी राहिली. पुढे 1641 मध्ये येथे आलेल्या ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याला शहर बरेच मोडकळीला आलेले आणि घरे बहुतांशी गवताने शाकारलेली दिसली, पण त्याच प्रवासवर्णनात येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान आणि रशियापर्यंत जात असल्याचेही तो नोंदवतो. शहर पडके आणि धंदा चालू, ही विसंगती वरवरची आहे. विणकराचे घर हेच त्याच्या धंद्याचे ठिकाण असल्याने अंमलदारांचे वाडे ओस पडले तरी माग जागचे हलले नाहीत. हा मुद्दा पुढे पुन्हा उपयोगी पडतो.

1860 मध्ये बुऱ्हाणपूर शिंद्यांकडून इंग्रजांकडे आले आणि त्याच दशकात रेल्वे आली, मात्र स्थानक तटबंदीपासून दूर, लालबागेच्या बाजूस झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी उभी राहिलेली ताप्ती मिलही तिकडेच वसली, आणि शहराला रोजगाराचा दुसरा केंद्रबिंदू मिळाला. पाळीवर जाणाऱ्या माणसाला भोंगा ऐकू येईल इतक्या अंतरावर राहणे सोयीचे असते, त्यामुळे अशा गिरणीभोवती खोल्यांची मागणी तयार होते. पण ती एकसारखी नसते. कायम कामगार कुटुंब आणून टिकून राहतो. बदली कामगार, म्हणजे कायम माणूस गैरहजर असेल त्या दिवसापुरताच कामावर घेतला जाणारा, हा मात्र खोली दोघातिघांत वाटून घेतो आणि महिन्यातले भरलेले दिवस कमी झाले की सर्वांत आधी गावाकडची वाट धरतो. गिरणी मंदावल्याची पहिली खूण म्हणून घरमालकाला दिसते ती हीच: मोठ्या खोल्यांचे भाडे तसेच राहते, पण सर्वांत लहान आणि सर्वांत वाईट खोल्या रिकाम्या पडू लागतात.

त्यानंतरची पायरी कायद्याने ठरवलेली होती. मध्यप्रांत व वऱ्हाडात 1949 च्या भाडेनियंत्रण आदेशानुसार भाडेकरूला घर सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकाला भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे, आणि घर रिकामे झाल्यास तशी वर्दी सरकारला देणेही त्याच्यावर बंधनकारक होते. पुढे आलेल्या मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 ने ही रचना बदलली, परंतु घर खाली करून घेण्याची कारणे मोजकीच ठेवली. थकलेल्या भाड्याच्या बाबतीत मागणीची नोटीस मिळाल्यापासून 2 महिन्यांत भाडेकरूने सर्व थकबाकी भरली, तर या कारणावरून त्याला काढता येत नाही. दावा दाखल झाल्यावरही न्यायालयात रक्कम जमा करून तो आपला ताबा राखू शकतो. पगार लांबलेल्या गिरणी कामगाराच्या दृष्टीने या 2 महिन्यांचे मोल मोठे होते. घरमालकाचा हिशेबही यातून वेगळा होत गेला, कारण जुन्या कुळाचे भाडे आधीच बाजारभावापेक्षा कमी असल्याने ते आणखी उतरवण्याला अर्थ नव्हता, आणि माणूस काढून नवा आणावा तर नवा येणार कोठून. मंदीचा भार अशा ठिकाणी भाड्याच्या दरावर न पडता थकबाकीवर पडतो, आणि ती कोणत्याही सरकारी आकडेवारीत नोंदली जात नाही. मुंबईच्या गिरणगावात 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या तरी चाळी ओस पडल्या नाहीत, याचेही कारण कायद्यातच आहे. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने गोठलेले भाडे आणि त्यावर चढलेली पागडी, म्हणजे कुळहक्क हस्तांतरित करताना उघड्या पावतीशिवाय घेतली जाणारी रक्कम, यांमुळे नोकरी गेलेल्या माणसाची खोली हीच त्याची पुंजी बनली होती. जागेची तशी टंचाई नसलेल्या बुऱ्हाणपूरच्या लालबागेत खोलीला असे मोल येण्याचा संभव नव्हता.

नेपानगरचा प्रकार या सर्वांहून निराळा आहे. खाजगी भांडवलाने 1947 च्या सुमारास आखलेला आणि 1949 मध्ये प्रांतिक सरकारने ताब्यात घेतलेला वृत्तपत्री कागदाचा हा कारखाना 1955 मध्ये उत्पादन करू लागला, 26 एप्रिल 1956 रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला आणि 1959 मध्ये त्यावर केंद्र सरकारचे नियंत्रण आले. जागा निवडली गेली ती सालई आणि बांबूच्या जंगलासाठी, खांडवा-भुसावळ लोहमार्गासाठी आणि जवळच चांदणी येथे उभारलेल्या औष्णिक वीजकेंद्रासाठी. भाड्याने देण्याजोगी घरे तेथे नव्हतीच. क्वार्टर, शाळा, दवाखाना, पाणी, दिवे हे सर्व कारखान्याने केले, आणि क्वार्टरचे भाडे पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात जाऊन बसले. भाडे हा येथे दोन पक्षांनी घासाघीस करून ठरवलेला दर नसून नोकरीच्या अटींपैकी एक अट होती. 1981 पर्यंत वृत्तपत्री कागद काढणारा देशातला हा एकमेव कारखाना असल्याने आणि वृत्तपत्रांना कागद सरकारी कोट्यातून मिळत असल्याने विक्रीची चिंता नव्हती, आणि जवळजवळ एक पिढीभर वसाहतीतील घर हे कायमचे घर वाटावे इतके स्थैर्य होते.

हे स्थैर्य 1990 च्या दशकात ढळले. वृत्तपत्री कागदाची आयात खुली झाल्यावर परदेशी कागद स्वस्त पडू लागला, जंगलातला कच्चा माल मागे पडून रद्दी कागदावर काम आले, तोटा साचला आणि स्वेच्छानिवृत्तीच्या योजना निघाल्या. खाजगी बाजारात अशा वेळी भाडे उतरले असते आणि उतरलेल्या भाड्याला भुलून दुसरा कोणी राहायला आला असता. नेपानगरात भाडे पगारपत्रकातच असल्याने ते कोणालाही बोलावू शकत नव्हते, आणि माणूस सेवामुक्त झाला की क्वार्टर कुलूपबंद होई. कुलूपबंद घर लवकर खचते: पहिल्या पावसाळ्यात छताचा कोपरा गळतो, दुसऱ्यात भिंतीच्या भेगेत पिंपळ रुजतो, मग खिडकीचे गज आणि दाराची चौकट नाहीशी होते, आणि त्यानंतर ते घर कोणाला द्यायचे म्हटले तरी देता येत नाही. डागडुजीचा खर्च हा अडचणीतल्या कारखान्याने सर्वांत आधी छाटलेला खर्च असतो, हे येथे लक्षात घ्यावे लागते.

उलट दिशेची अडचणही सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक वसाहतींना माहीत आहे. निवृत्त माणूस देणी मिळेपर्यंत क्वार्टर सोडत नाही आणि व्यवस्थापन क्वार्टर सुटेपर्यंत ग्रॅच्युइटी रोखू पाहते. सरकारी कंपनीच्या घरांना भाडेनियंत्रणाचा नव्हे, तर सार्वजनिक जागांविषयीचा 1971 चा कायदा लागू पडतो, ज्यात दिवाणी न्यायालयाऐवजी कंपनीनेच सुचवलेला आणि सरकारने नेमलेला संपदा अधिकारी घर खाली करण्याचा आदेश देतो. म्हणजे लालबागच्या खोलीतल्या कामगाराला मिळणारे संरक्षण नेपानगरच्या क्वार्टरमधल्या कामगाराला नव्हते, जरी बाहेरून पाहणाऱ्याला दुसऱ्याचे घर अधिक सुरक्षित वाटले असते.

जुन्या शहरातील विणकरांचे गणित पुन्हा वेगळे. 1857 नंतर पूर्व उत्तर प्रदेशातून मालेगाव, भिवंडीप्रमाणे येथेही आलेल्या मोमीन विणकरांनी हातमागाची परंपरा पुढे नेली आणि कालांतराने यंत्रमाग घराच्या तळमजल्यावर बसवले. सूत व्यापाऱ्याचे, माग आणि वीजबिल विणकराचे, मजुरी मीटरवर, अशा या पद्धतीत मंदी आली की आधी पाळ्या कमी होतात. ती लांबली आणि माग भंगारात विकावे लागले, तर मोकळी झालेली खोली भाड्याने देण्याचा मार्ग उरतो. मंदीत येथे भाडेकरू घटण्याबरोबर खोल्यांचा पुरवठाही वाढतो, आणि भाडे खऱ्या अर्थाने घसरण्याची शक्यता तिन्ही ठिकाणांपैकी येथेच सर्वांत जास्त असते.

1974 च्या राष्ट्रीयीकरणात राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली ताप्ती मिल मार्च 2020 च्या टाळेबंदीत, त्याच महामंडळाच्या अचलपूर येथील फिनले मिलप्रमाणेच, थांबली. तोपर्यंत लालबागच्या भाडेबाजारात गिरणीचा वाटा पूर्वीसारखा उरला नसावा, कारण 15 ऑगस्ट 2003 रोजी बुऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाल्यावर कचेऱ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर बदलीवर येणारे नोकरदार व शिकायला येणारी मुले असा नवा भाडेकरू वर्ग आला. तरी शहराची लोकसंख्या 2001 मधील सुमारे 1 लाख 94 हजारांवरून 2011 मध्ये सुमारे 2 लाख 11 हजारांपर्यंतच पोचली, आणि त्याच दशकात देशातील नागरी लोकसंख्या जवळपास 32 टक्क्यांनी वाढली असताना ही वाढ 9 टक्क्यांच्याही आत राहिली. नेपानगरचा कारखाना नूतनीकरणासाठी 2016 पासून बंद होता, तो 23 ऑगस्ट 2022 रोजी पुन्हा सुरू झाला. पण नव्या यंत्रांना पूर्वीइतकी माणसे लागत नाहीत, आणि वसाहत बांधली गेली होती ती जुन्या यंत्रांच्या माणसांसाठी.