सहा खुर्च्या, एक इंजिन आणि जुनी वही

जुन्या विमानाची जाहिरात वाचायची तर आधी तिची भाषा शिकावी लागते. मॉडेलचं साल, एअरफ्रेमचे एकूण तास, ओव्हरहॉलनंतर इंजिन किती तास चाललं, प्रॉपेलर कधी उघडला होता, आणि मग एक छोटंसं वाक्य : ‘सगळी लॉगबुकं उपलब्ध.’ गाडीच्या जाहिरातीत आपण किलोमीटर बघतो, इथे तास बघतात. जनावरांच्या बाजारात जाणता माणूस बैलाचं तोंड उघडून दात बघतो, तसं इथे वही उघडून सह्या बघतात.

विमान विकत घेण्याची माझी ऐपत नाही आणि तसा बेतही नाही. तरी मी या जाहिराती वर्षानुवर्षं वाचत आलोय, त्यातही एका प्रकारच्या विमानांच्या : सहा आसनं, एक पिस्टन इंजिन. बीचक्राफ्ट बोनान्झा ए-३६, सेस्ना २०६ आणि २१०, पायपर चेरोकी सिक्स, तिची पुढची बहीण साराटोगा, आणि केबिनमध्ये हवेचा दाब राखणारी पायपर मालिबू. आईवडील, मुलं आणि आजीआजोबा एकाच विमानात बसून सुट्टीला निघालेत, हे अमेरिकन मध्यमवर्गाचं स्वप्न या विमानांनी विकलं. ते स्वप्न आज सेकंडहँड बाजारात मिळतं. हे कसं झालं, ती गोष्ट सांगण्यासारखी आहे.

ती सुरू होते अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या विचिटा शहरात. बीच आणि सेस्ना या दोन्ही कंपन्या तिथल्याच. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हजारो तरुण विमान चालवायला शिकून घरी परतले होते. आता प्रत्येकाच्या दारात गाडीसारखं विमान उभं राहील, असं कारखानदारांना वाटलं. २२ डिसेंबर १९४५ रोजी बोनान्झा पहिल्यांदा उडालं. व्ही आकाराची शेपूट, पोटात दुमडणारी चाकं, चार जणांची जागा. १९६८ मध्ये त्याचं अंग लांबवून, शेपूट सरळ करून सहा आसनांचं मॉडेल ३६ आलं. तोवर सेस्नाचं रुंद दाराचं २०६ आणि पायपरचं चेरोकी सिक्स बाजारात उतरलेलं होतं. सेस्ना २१० पुढे नऊ हजारांहून जास्त बनली.

१९७८ साली अमेरिकन कारखान्यांतून १७,८११ छोटी-मोठी खासगी विमानं बाहेर पडली. तो कळस होता. १९९४ मध्ये हाच आकडा होता ९२८. सोळा वर्षांत एक अख्खा उद्योग जवळजवळ आटला.

का? विचिटाचं उत्तर ठरलेलं होतं : वकील. विमान पडलं की वारस कंपनीवर दावा लावायचे, मग विमान तीस वर्षांचं का असेना. मधल्या काळात ते पाच जणांनी वापरलेलं असो, सात जणांनी दुरुस्त केलेलं असो, मूळ कारखाना जबाबदार. विम्याचा खर्च प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीत मिसळायचा. १९८६ मध्ये सेस्नाने पिस्टन विमानं बनवणं थांबवलं. १९९१ मध्ये पायपरने दिवाळखोरीचा अर्ज केला. पण सगळा दोष वकिलांच्या माथी मारणं मला पटत नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कर्जाचे व्याजदर आभाळाला टेकले होते, इंधन महागलं होतं. शिवाय आधी विकलेली हजारो विमानं सुस्थितीत बाजारात होती. निम्म्याहून कमी किमतीत तसंच जुनं विमान मिळत असेल, तर नवं कोण घेणार? कारखान्याचा सगळ्यात मोठा स्पर्धक त्याचाच जुना माल होता.

१७ ऑगस्ट १९९४ रोजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका कायद्यावर सही केली. विमान अठरा वर्षांहून जुनं असेल, तर त्याच्या निर्मात्यावर, काही अपवाद सोडता, असा दावा लावता येणार नाही. सेस्नाने नवा कारखाना काढून पिस्टन विमानं पुन्हा सुरू केली, २०६ परत आलं. २१० मात्र आलं नाही. त्यामुळे आज कुणाला २१० हवं असेल, तर ते १९८६ किंवा त्याआधीचंच घ्यावं लागतं. म्हणजे तुमच्यापैकी बहुतेकांपेक्षा वयाने मोठं.

या कायद्याची दुसरी बाजू फारशी कुणी बोलून दाखवत नाही. अठरा वर्षांनंतर कारखान्याची जबाबदारी संपत असेल, तर ती जाते कुठे? ती वाऱ्यावर विरत नाही. ती जाते मालकाकडे, मेकॅनिककडे आणि त्या वहीकडे.

वहीकडे येण्याआधी खुर्च्यांचा हिशेब करू, कारण पहिला धक्का तिथेच बसतो. सत्तरच्या दशकातलं ए-३६ घ्या. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन सुमारे १,६३० किलो. रिकामं विमान, आतल्या उपकरणांसकट, साधारण १,१०० किलो. उरले ५३० किलो. टाक्या भरल्या की सुमारे २८० लिटर पेट्रोल, त्याचे २०० किलो गेले. राहिले ३३०. सत्तर किलोची चार माणसं आणि पन्नास किलो सामान. संपलं. खुर्च्या सहा, माणसं चार. सहा जणांना न्यायचं तर पेट्रोल कमी भरा, म्हणजे जवळ जा. शिवाय बोनान्झाच्या टाक्या पंखाच्या पुढच्या कडेला आहेत, त्यामुळे पेट्रोल जळत जातं तसा विमानाचा तोल मागे सरकतो. निघताना बरोबर असलेला हिशेब उतरताना चुकू शकतो. मागच्या दोन खुर्च्यांवर कुणाला बसवायचं, हा प्रश्न पाहुणचाराचा नाही, भौतिकशास्त्राचा आहे.

आता वही. विमानाच्या शरीराची एक, इंजिनाची वेगळी, प्रॉपेलरची वेगळी. दरवर्षीची तपासणी, प्रत्येक दुरुस्ती, बदललेला प्रत्येक महत्त्वाचा भाग, खाली मेकॅनिकची सही आणि परवाना क्रमांक. वही हरवली की विमानाची किंमत घसरते, कारण विमान तेच असलं तरी त्याचा इतिहास गेलेला असतो. जमिनीचा सातबारा बघावा तशी विमानाची मालकी आणि त्यावरचं कर्ज तपासायला ओक्लाहोमा सिटीतलं सरकारी नोंदणी दफ्तर आहे. मग विकणाऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या मेकॅनिककडून विमान उघडून घ्यायचं. तो सिलिंडरमध्ये बारीक कॅमेरा सोडतो, तेलाच्या फिल्टरमध्ये धातूचा कीस शोधतो.

सगळ्यात फसवं असतं ते कमी उडलेलं विमान. ‘चाळीस वर्षांत फक्त १,५०० तास!’ हे ऐकायला छान वाटतं. पण इंजिन बंद पडून राहिलं की आतल्या पोलादावरचा तेलाचा थर ओघळतो आणि गंज धरतो. वापराने झिजतं त्याहून जास्त ते नुसतं उभं राहून सडू शकतं. साधारण १,७०० तासांनी अशा इंजिनाचं ओव्हरहॉल करावं असं कंपनी सांगते, आणि तास भरले नाहीत तरी बारा वर्षांनी करावं, असंही सांगते. जाहिरातीत तास ठळक असतात, वर्षं बारीक.

आणि काही गोष्टी वहीतही नसतात. २६ मे २०१९ रोजी ऑस्ट्रेलियात माउंट आयझाजवळ सर्वेक्षणाचं काम करणाऱ्या एका सेस्ना २१० चा पंख हवेतच तुटला. विमानातले दोघेही गेले. केबिनच्या छतातून आडवी जाणारी एक तुळई दोन्ही पंखांना धरून ठेवते. त्या तुळईत गंजाचा एक बारीक खड्डा पडला होता, त्यातून भेग निघाली आणि उड्डाणागणिक वाढत गेली. विमान १९७६ चं होतं. यानंतर जगभरातल्या अशा २१० च्या तुळया तपासण्याचे आदेश निघाले.

मग जुनं म्हणजे धोक्याचं, असं म्हणून मोकळं व्हायचं का? त्यासाठी दुसरी एक घटना बघावी लागते. जॉन एफ. केनेडी ज्युनियर, म्हणजे अमेरिकेच्या माजी अध्यक्षांचा मुलगा. त्याने एप्रिल १९९९ मध्ये सेकंडहँड पायपर साराटोगा घेतलं, १९९५ चं. म्हणजे जेमतेम चार वर्षं जुनं, ऑटोपायलट असलेलं. आधी त्याच्याकडे चार आसनांचं साधं सेस्ना १८२ होतं. १६ जुलैच्या रात्री पत्नी आणि मेहुणीला घेऊन तो न्यू जर्सीहून निघाला. समुद्रावर धुकट हवा, चंद्रप्रकाश नावापुरता, क्षितिज दिसेना. फक्त उपकरणांवर विसंबून उडवण्याचा परवाना त्याच्याकडे नव्हता. तपास अहवालाचा निष्कर्ष : अंधारात दिशेचं भान सुटलं आणि वैमानिकाला विमान ताब्यात ठेवता आलं नाही. विमानात दोष सापडला नाही. सहा खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या होत्या.

फुटबॉल बघणाऱ्यांना दुसरं नाव आठवेल : एमिलियानो साला. २१ जानेवारी २०१९ रोजी नांतहून कार्डिफकडे, नव्या क्लबकडे निघालेला अठ्ठावीस वर्षांचा खेळाडू. विमान पायपर मालिबू, १९८४ चं. ते गर्न्सी बेटाजवळ इंग्लिश खाडीत पडलं. सालाच्या रक्तात कार्बन मोनॉक्साइडचं घातक प्रमाण सापडलं. इंजिनाचा धूर केबिनमध्ये शिरला असावा आणि वैमानिकालाही त्याची बाधा झाली असावी, असं ब्रिटिश तपास यंत्रणेने नोंदवलं. त्या वैमानिकाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवाना नव्हता, रात्री उडवण्याचाही नव्हता. या वायूला वास नसतो, रंग नसतो. तो ओळखून ओरडणारं यंत्र खिशात मावतं आणि विमानाच्या किमतीपुढे त्याची किंमत चिल्लर आहे.

हे तिन्ही अहवाल मी शेजारी शेजारी ठेवून वाचले. एकात धातू थकला होता. दुसऱ्यात विमान ठणठणीत होतं, चालवणारा त्या रात्रीसाठी तयार नव्हता. तिसऱ्यात यंत्र आणि माणूस दोघांचीही कागदपत्रं मिळून एक भगदाड झालं होतं. जुनं विमान घेणारा माणूस त्याची तपासणी करून घेतो, ते बरोबरच आहे. पण स्वतःची तपासणी कोण करून घेतं? वैमानिकाचीही एक लॉगबुक असते. विमा कंपन्या ती मागतात आणि नव्या मालकाने आधी प्रशिक्षकासोबत अमुक तास उडवावं, अशी अट घालतात. लोक या अटीवर कुरकुरतात. मला ती पूर्ण व्यवहारातली सगळ्यात शहाणी अट वाटते.

आपल्याकडे अशी खासगी विमानं क्वचितच दिसतात. पण सहा आसनं आणि एक इंजिन या आकड्यांचं वेड मुंबईतही एकाला लागलं होतं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर असंच विमान स्वतः बांधलं. २०१६ मध्ये ते बीकेसीतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं. विमान उभं होतं, तरी सरकारी नोंदणी मिळायला २०१७ उजाडलं. विमान बनवणं एक, आणि ते विमान आहे अशी कुणीतरी जबाबदारीने सही करणं दुसरं. ती सही इतकी महाग का असते, ते विचिटाच्या इतिहासावरून कळतं.

त्या वह्यांमध्ये सत्तरच्या दशकातल्या सह्या असतात, निळ्या शाईच्या, फिकट झालेल्या. सही करणारे कित्येक जण आता हयातही नसतील. ‘तपासलं, उडण्यास योग्य’ असं लिहून त्यांनी ते विमान पुढच्या माणसाच्या हवाली केलं. पन्नास वर्षांनी कुणीतरी त्या शब्दावर आपल्या मुलांना मागच्या खुर्च्यांवर बसवून पट्टे बांधतो. प्रत्येक पानावर खाली थोडी जागा मोकळी असते. पुढची सही त्याची.